सोलापूरहून बोन स्कॅनला निघताना

माझं माहेर सोलापूरचं आणि नोकरी पुण्यात, न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट म्हणून. त्यामुळे गावाकडून अधूनमधून फोन येतोच. "ताई, आण्णांचा पीएसए, ती प्रोस्टेटची रक्ततपासणी, ऐंशी आलाय. बायोप्सी झाली. आता डॉक्टर म्हणतात बोन स्कॅन करून आणा. उपाशी यायचं का?"

उपाशी यायचं नाही. चहा प्या, भाकरी खा, शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या रोजच्या वेळेला घ्या. उपाशीपोटीचा नियम साखरेच्या औषधावर होणाऱ्या नेहमीच्या पेट स्कॅनचा. तो ऐकून लोक इथंही रिकाम्या पोटी येतात आणि दुपारी बाकावर चक्कर येऊन बसतात. खरं तर या प्रश्नाच्या आधी विचारायच्या गोष्टी वेगळ्याच असतात आणि त्याच राहून जातात. म्हणून क्रमानं लिहिते.

स्कॅन लागतोच का, हे आधी

प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला तर बहुतेकदा हाडं धरतो. कंबरेचे मणके, माकडहाड, खुब्याची हाडं, फासळ्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग. प्रोस्टेटभोवतीच्या शिरा मणक्यांभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला जाऊन मिळतात. बॅटसन नावाच्या डॉक्टरांनी १९४० मध्ये हे जाळं दाखवून दिलं. मणके आणि खुबा आधी का सापडतात, याचं बरंचसं कारण या वाटेत आहे.

पण म्हणून प्रत्येकानं स्कॅन करायचा असं नाही. पीएसए दहाच्या आत, ग्लीसन (बायोप्सीवरून कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा) सहा, हाडं दुखत नाहीत, अशा माणसाच्या हाडात काही सापडण्याची शक्यता फार कमी. त्यांना सहसा स्कॅन सांगतच नाहीत. पीएसए वीसच्या वर, ग्लीसन आठ किंवा जास्त, गाठ प्रोस्टेटच्या बाहेर आलेली, हाडात दुखणं किंवा रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, यातलं काही असेल तर करायलाच हवा. मधल्या लोकांचं डॉक्टर ठरवतात. "माझ्या वडिलांना स्कॅन कशासाठी?" असं विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

एक परिस्थिती मात्र स्कॅनच्या तारखेसाठी थांबत नाही. पाठीत दुखतंय आणि त्यासोबत पायातली ताकद गेली, पाय बधिर झाले, बसण्याच्या जागेची जाणीव गेली, लघवी-संडासावरचा ताबा सुटला किंवा लघवी अचानक तुंबली, तर मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. तेव्हा पुण्याचं तिकीट काढायचं नाही. त्याच रात्री जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायचं. तिथं लागतो तो एमआरआय, बोन स्कॅन नव्हे. दोन दिवस उशीर झाला तर गेलेले पाय परत येतीलच असं नाही.

हा स्कॅन नेमकं काय बघतो

इथं थोडं थांबते, कारण सगळा घोळ इथंच होतो.

शिरेतून जे औषध देतो ते दोन गोष्टींचं मिळून बनतं. एक फॉस्फेटच्या जातीचा पदार्थ, त्याला आम्ही एमडीपी म्हणतो. हाड जिथं नव्यानं घडत असतं तिथं तो जाऊन चिकटतो. दुसरं टेक्नेशियम-९९एम, गॅमा किरण सोडणारं. एमडीपी त्याला पाठीवर घेऊन हाडापर्यंत नेतो आणि गॅमा कॅमेरा बाहेरून ते किरण टिपतो. जिथं हाडाचं बांधकाम जोरात, तिथं ठिपका गडद.

म्हणजे हा स्कॅन कॅन्सर बघतच नाही. कॅन्सरनं डिवचल्यावर हाड जी धावपळ करतं, ती बघतो. प्रोस्टेटचा कॅन्सर हाड पोखरण्यापेक्षा वेडंवाकडं नवं हाड चढवतो, म्हणून या आजारात स्कॅन चांगला चालतो. साध्या एक्स-रेवर बदल दिसायला हाडातला तीस ते पन्नास टक्के खनिजाचा फरक पडावा लागतो. स्कॅनमध्ये तो कितीतरी आधी दिसतो.

पण हाड धावपळ फक्त कॅन्सरमुळे करत नाही. पडून मोडलेली फासळी, झिजलेला गुडघा, किडलेली दाढ, जुनं ऑपरेशन, सगळीकडे बांधकाम चालू असतं आणि सगळीकडे ठिपका उठतो. यंत्रमागावर चाळीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे गुडघे तर आमच्या पडद्यावर हमखास काळे दिसतात. सोलापूरचा पेशंट म्हटलं की मी आधीच गुडघ्यांकडे बघते.

म्हणून घरच्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे हाडांचा इतिहास घेऊन येणं. फाईल विसरलात तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर मागवता येते. आण्णा कधी कुठं पडले होते हे मात्र कुठल्याच फाईलमध्ये नसतं.

सुरुवातीच्या वर्षांतली माझीच चूक सांगते. एका आजोबांच्या उजव्या बाजूच्या तीन फासळ्यांवर तीन ठिपके आले, एकाखाली एक, अगदी एका रेषेत. मी विचारलं, "कुठं पडला होता का?" आजोबा म्हणाले, "नाही." मी तसंच लिहून फिल्म डॉक्टरांकडे दिली. डॉक्टरांनी परत पाठवलं, पुन्हा विचारा म्हणून. दारात आजी उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "गड्ड्यावर पाळण्यापाशी पडला नव्हता का ओ तुम्ही? आठ दिवस कुशीवर झोपता येईना!" गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा. तिथं संक्रांतीला पडले होते, स्कॅन मार्चमध्ये झाला. मोडलेली फासळी कित्येक महिने ठिपका दाखवत राहते. ओळीनं असलेल्या फासळ्यांवर एका रेषेत ठिपके आले तर बहुधा मार लागलेला असतो. कॅन्सर असा रेषा आखून बसत नाही.

तेव्हापासून मी पेशंटला एकदा विचारते आणि बायकोला दोनदा.

फोन करून काय विचारायचं

डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन सेंटरला फोन करा. वार आणि सुईची नेमकी वेळ विचारा. स्पेक्ट-सीटीची सोय आहे का ते विचारा. शंकास्पद ठिपक्याची तिथल्या तिथं सीटी जोडून शहानिशा करता येते, त्यामुळे "पुन्हा एमआरआय करून या" हा हेलपाटा पुष्कळदा वाचतो. खर्च किती आणि रिपोर्ट कधी मिळेल, तेही विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार चालू असतील तर पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की ही तपासणी त्यात बसते का. आधी भरून नंतर मागायला गेलात तर चपला झिजतात.

वेळेबद्दल आमची माणसं कटकट का करतात, तेही सांगते. टेक्नेशियम साठवून ठेवता येत नाही. दर सहा तासांनी ते निम्मं होतं. ते मॉलिब्डेनम-९९ पासून मिळतं, त्याचं अर्धायुष्य ६६ तासांचं. शिशाच्या कवचातला मॉलिब्डेनमचा जनरेटर विभागात येतो आणि रोज सकाळी त्यातून आम्ही टेक्नेशियमची धार काढतो. खरंच धार म्हणतो आम्ही, गाईची काढावी तशी. दिवस सरतील तशी गाय आटत जाते. म्हणून अकराच्या सुईला दोन वाजता पोचलात तर चिडचिड होते. पीएसएमए पेट (थेट प्रोस्टेटच्या पेशी शोधणारा स्कॅन, त्याबद्दल पुढं सांगते) असेल तर आणखी कठीण. त्यातलं गॅलियम-६८ अवघ्या ६८ मिनिटांत निम्मं होतं.

पुण्याला यायचं तर हुतात्मा एक्सप्रेस सोयीची, सकाळी निघते आणि संध्याकाळी परत फिरते. सुई, तीन तास, स्कॅन, असं सगळं त्यात बसतं. तरी गाडी लेट झाली तर सेंटरला लगेच फोन करा, डोस पुढं-मागं करता येतो.

पिशवीत काय

बायोप्सीचा रिपोर्ट, तारखेसह सगळे पीएसए, जुने स्कॅन असतील तर नुसता कागद नव्हे, सीडी किंवा फिल्मसुद्धा. हॉर्मोनचं इंजेक्शन सुरू असेल तर पहिलं कधी घेतलं ती तारीख. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड दिलं असेल तर तेही. आणि एका वहीच्या पानावर हाडांचा इतिहास: मार, फ्रॅक्चर, बदललेला खुबा किंवा गुडघा, मणक्याचं ऑपरेशन, अलीकडे काढलेली दाढ, आता नेमकं कुठं दुखतंय.

एक जास्तीची पँट किंवा पायजमा घ्या. का ते पुढं कळेल. लघवीची नळी असेल तर नवी पिशवी सोबत ठेवा. आणि पाठीत खूप दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी ठेवा. स्कॅनच्या टेबलावर वीस ते तीस मिनिटं उताणं पडून राहायचं असतं आणि हलल्यावर चित्र बिघडतं.

त्या दिवशी

सुई साधी, रक्त तपासायला टोचतात तितकीच. अंग गरम होत नाही, मळमळत नाही. सीटीला देतात ते आयोडीनचं औषध हे नव्हे, त्यामुळे त्याची अ‍ॅलर्जी असली तरी अडत नाही.

सुईनंतर दोन ते चार तास थांबायचं, आमच्याकडे साधारण तीन. या वेळात औषध हाडात मुरतं आणि उरलेलं मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. म्हणून पाणी प्यायचं, पाच-सहा ग्लास. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, पाणी मोजून घ्यायला सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

इथं प्रोस्टेटवाल्यांची खरी अडचण येते. प्रवासात लघवी लागू नये म्हणून ते सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हातून तसेच कोरडे येतात. आणि इथं आल्यावर बाईमाणसासमोर लघवीचं कसं बोलायचं म्हणून आण्णा गप्प. मी विचारलं, "साफ होते का?" तर मान हलते, होय की नाही ते कळत नाही. कृपा करून मुलानं किंवा जावयानं आधीच सांगावं: धार बारीक आहे, थांबून थांबून होते, नळी आहे. मूत्राशय भरलेलं राहिलं तर त्यातलं औषध पडद्यावर मोठा काळा गोळा होऊन बसतं आणि मागचं माकडहाड, खुब्याची हाडं झाकून टाकतं. नेमकी तीच जागा आम्हाला बघायची असते. स्कॅनला आत जाण्याआधी लघवी करायचीच, आणि घाई न करता.

आता जास्तीच्या पायजम्याचं. लघवीत औषध असतं, म्हणून कपड्यावर किंवा मांडीवर पडलेला एक थेंबसुद्धा ठिपका दाखवतो. खुब्याच्या हाडावर लख्ख ठिपका बघून आम्ही पेशंटला पायजमा बदलायला लावतो, ओल्या कपड्यानं मांडी पुसतो, पुन्हा चित्र घेतो आणि ठिपका गायब. बसून लघवी करा, हात धुवा, नळीची पिशवी टेबलावर चढण्याआधी रिकामी करा.

टेबलावर कपडे काढावे लागत नाहीत. बेल्ट, किल्ल्या, नाणी, मोबाईल, करदोट्यातला चांदीचा ताईत एवढं काढून ठेवा. कॅमेरा छातीच्या अगदी जवळ येतो, पण तो बोगदा नाही आणि आवाजही फारसा नाही. पुष्कळ जण झोपतात. घोरलं तरी चालतं.

किरणांचं भय सगळ्यांनाच असतं. या स्कॅनमधून मिळणारा डोस साधारण चार-पाच मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे दोन वर्षांचं एकदम घेतल्यासारखं. चोवीस तासांत टेक्नेशियमचं सोळावा हिस्सा उरतं, आणि लघवीतून गेलेलं वेगळंच. तरी त्या दिवसापुरतं गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला जवळ घेऊन बसू नका. नातीला दुसऱ्या दिवशी मांडीवर घ्या. संडासात दोनदा पाणी टाका. वेगळं ताट, वेगळी खोली, असलं काही लागत नाही.

चित्र हातात आल्यावर

फिल्मवर समोरून आणि पाठीमागून असे दोन सापळे दिसतात. घरचे लगेच ठिपके मोजायला बसतात. मूत्रपिंडं आणि मूत्राशय दिसणारच, ते मोजायचे नाहीत. सुई टोचली ती जागाही काळी दिसते, तीही सोडा.

रिपोर्टमध्ये 'डिजनरेटिव्ह' असेल तर झीज. 'इन्क्रीज्ड अपटेक' म्हणजे फक्त औषध जास्त गोळा झालं, कशामुळे ते पुढच्या वाक्यात वाचा. 'मेटास्टॅटिक' किंवा 'ऑस्टिओब्लास्टिक मेटास्टेसिस' असेल तर पसरलेला आजार. 'कोरिलेशन' हा शब्द आला तर त्या ठिपक्याबद्दल अजून खात्री नाही, एक्स-रे, सीटी किंवा एमआरआयनं पडताळा असं डॉक्टर म्हणतायत. एकुलता एक ठिपका असेल तर हा शब्द बऱ्याचदा दिसतो.

एक चित्र नवख्याला हमखास फसवतं. सगळा सापळा एकसारखा गडद, कुठं वेगळा ठिपका नाही, आणि मूत्रपिंडं जवळजवळ दिसतच नाहीत. घरचे म्हणतात, "सगळं सारखंच आहे की, म्हणजे चांगलं ना?" याला सुपरस्कॅन म्हणतात. आजार बहुतेक सगळ्या हाडांत पसरलेला असतो आणि हाडांनीच सगळं औषध ओढून घेतल्यामुळे मूत्रपिंडांना काही उरत नाही. म्हणून फिल्म बघून आनंद किंवा दुःख करण्याआधी डॉक्टरांसमोर बसा.

डॉक्टर ठिपके मोजतात ते मात्र कामाचं असतं. चार किंवा जास्त हाडांचे डाग आणि त्यातला निदान एक मणके-खुब्याच्या बाहेर, किंवा यकृत-फुफ्फुसासारख्या अवयवात आजार, तर त्याला 'हाय व्हॉल्यूम' म्हणतात आणि उपचार त्यानुसार ठरतो. डाग थोडे असतील तर प्रोस्टेटलाही रेडिएशन द्यावं का, हा प्रश्न येतो. म्हणजे गड्ड्यावर मोडलेल्या तीन फासळ्या चुकून मोजल्या गेल्या तर औषधच बदलू शकतं.

मग पीएसएमए पेट का नको?

हा प्रश्न आता प्रत्येक फोनवर येतो, आणि रास्त आहे. पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींवर, कॅन्सरच्या पेशींवर तर फारच मोठ्या प्रमाणात असलेलं प्रथिन. त्याला चिकटणारं औषध दिलं की हाडाची धावपळ नव्हे, खुद्द आजार दिसतो, हाडातला आणि लसिका गाठींतलाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३०२ पुरुषांवरचा प्रोपीएसएमए नावाचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात पीएसएमए पेट-सीटीची अचूकता ९२ टक्के होती, सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के.

मग बोन स्कॅन मोडीत काढायचा का? मला तसं वाटत नाही. ऑपरेशन करून आजार मुळातून काढायचा विचार असेल, किंवा ऑपरेशननंतर पीएसए पुन्हा चढत असेल, तर पीएसएमएचा हट्ट धरण्यात अर्थ आहे. पण पीएसए तीनशे आहे, कंबर दुखतेय, उपचार उद्या सुरू करायचाय, तेव्हा महागड्या स्कॅनसाठी कर्ज काढून महिनाभर थांबण्यापेक्षा या आठवड्यात होणारा बोन स्कॅन बरा. शिवाय वर सांगितलेली ठिपक्यांची मोजणी बोन स्कॅन आणि सीटीवरच्या अभ्यासांतून आली आहे. पीएसएमएवर जास्त डाग दिसले म्हणून माणूस आपोआप 'हाय व्हॉल्यूम' होत नाही. आणि फासळ्यांवरचे फसवे ठिपके तिथंही येतात, विशेषतः फ्लोरीनवाल्या एका औषधानं. इतिहासाचं पान तिथंही न्या.

पुढचा स्कॅन

हॉर्मोनचा उपचार सुरू झाला, तीन महिन्यांत पीएसए उतरला, आण्णा चालायला लागले, आणि स्कॅनमध्ये ठिपके जास्त गडद, एखाद-दोन नवेही. घरात रडारड. हे बऱ्याचदा बरं होण्याचं लक्षण असतं. आजार मागं हटला की हाड स्वतःची डागडुजी काढतं आणि ते बांधकामही स्कॅनमध्ये दिसतंच. याला फ्लेअर म्हणतात. म्हणून उपचारानंतरच्या पहिल्याच स्कॅनवर औषध फसलं असं ठरवत नाहीत. पुढच्या स्कॅनमध्ये आणखी नवे डाग आले तरच आजार वाढला म्हणतात. डॉक्टर "सहा-आठ आठवड्यांनी परत करू" म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीयेत.

दुसरा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला करा. जुनं चित्र शेजारी ठेवून बघता येतं. सेंटर बदललंच तर जुनी सीडी न्या. गेल्या महिन्यात एक काका रिपोर्ट नीट प्लास्टिकमध्ये घालून घेऊन आले आणि सीडी घरी चादरीच्या कपाटात राहिली होती. मुलाला फोन केला, तो म्हणाला संध्याकाळच्या बसनं ड्रायव्हरकडे देतो. रात्री अकराला स्वारगेटवर जाऊन मीच घेतली.